आमच्या दादाचा शेठ झाला

दि. ३ मार्च

चि. खारूताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र कारखान्यात बसून लिहितोय. हाताला साबण आहे, कागद बुळबुळीत लागला तर नाक मुरडू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. तुझी वहिनी बरी आहे, म्हणजे माझ्यावर ओरडते आहे. कारखाना मात्र बरा नाही.

काल सरकारी लखोटा आला. एक जूनपासून साबण फक्त त्यानेच बनवायचा, ज्याच्याकडे बारा मीटर उंच टाकी, स्वतःची प्रयोगशाळा आणि चार पदवीधर रसायनतज्ज्ञ आहेत. कारण काय, तर जनतेचं आरोग्य! अगं, माझ्या शेडचं छप्पर चार मीटरवर. तसली टाकी बसवली तर ती वर डोकं काढून शेजारच्यांच्या गच्चीत बघत बसेल. आणि रसायनतज्ज्ञ म्हणशील, तर आमच्या तारमावशी. तारेने वड्या कापतात, आणि कापण्याआधी साबणाला जिभेचं टोक लावून सोडा जास्त झालाय का ते सांगतात. तीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. त्यांच्या जिभेला कुठलं विद्यापीठ पदवी देणार?

सगळ्या देशात बारा मीटरची टाकी एकाकडेच आहे, कंपनीकडे. साबण त्यांचा, सिमेंट त्यांचं, दिवे त्यांचे, दुधाची पिशवीही त्यांचीच. आता कायदेही तेच बनवून सरकारला घरपोच देतात, असं म्हणतात. बळी तो कान पिळी, दुसरं काय! माझ्यासारखे अकरा जण आणखी आहेत. बाबांनी दोन कढयांवर सुरू केलेलं हे काम, आज सात माणसांचं घर त्यावर चालतं. एक जूनला त्याला टाळं लागलं तर मला दुसरं काही येत नाही गं. खरंच येत नाही.

तू वर्तमानपत्रात चित्रं काढतेस. मोठमोठ्यांची टर उडवतेस. मग भावासाठी एखादी रेघ ओढ की! बारा एप्रिलला उद्योगखात्यात आमची सुनावणी आहे, त्याआधी काढ.

तब्येतीला जप. आमची आठवण वाळू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
दादा

दि. ११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात जी तिडीक गेली! ब्रश उचलला तो संध्याकाळी खाली ठेवला. आज छापून आलंय, सोबत कात्रण पाठवते.

बघ कसं जमलंय. विधिमंडळाची इमारत म्हणजे एक मोठा न्हाणीचा टब केलाय, खांबांसकट. त्यात कंपनीचे शेठ फेसात लोळतायत. उद्योगमंत्री बाह्या सरसावून त्यांची पाठ घासतायत, आणि घासायला हातात काय, तर कायद्याचं पुस्तक. बाकीचं मंत्रिमंडळ टॉवेल घेऊन रांगेत. खाली दोनच शब्द: जनतेचं आरोग्य.

आमच्या संपादकांना पित्ताचा त्रास आहे, हे तुला माहीतच आहे. माझं चित्र टेबलावर आलं, की ते आधी गोळी घेतात आणि मग बघतात. या वेळी बघितल्यावर दुसरी घेतली. कारण मागच्या पानावर अर्धं पान कंपनीची जाहिरात! पण छाप म्हणाले. माणूस आतून वाघ आहे, फक्त पोट नाजूक.

अडचण एकच होती. शेठना कोणी पाहिलेलंच नाही. फोटो नाही, भाषण नाही. मंत्र्यांनासुद्धा फक्त त्यांच्या चिटणिसाचा फोन येतो, की शेठना असं असं वाटतं. मग चेहरा आणायचा कुठून? पण तुझी बहीण काय लेचीपेची आहे? मी तो सरळ डोक्यातून काढला. एक भुवई वर, दुसरी झोपलेली. कपाळावर एक हट्टी बट उभी. खालचा ओठ असा, की जग यांचं काहीतरी देणं लागतं. आणि टबाबाहेर टांगलेल्या कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. हावरट माणूस घाईत असतो, हे दाखवायला. इतकी कल्पनाशक्ती आपल्यात आहे, हे मलाच माहीत नव्हतं! आता दर आठवड्याला शेठ काढणार आहे.

धीर सोडू नकोस. वहिनीला नमस्कार, तारमावशींच्या जिभेलाही. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
खारूताई

दि. २४ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

अगं कार्टे, तुझी वहिनी लिहितेय! काय करून ठेवलंस हे!

पहिलं कात्रण आलं तेव्हा मी ते हातात घेतलं आणि साच्यांच्या ढिगावर बसलेच. हसून हसून पोटात कळ आली. तारमावशींनी पाणी आणलं, चित्र बघितलं आणि त्याही बसल्या. अगं, ती भुवई कोणाची? ती बट कोणाची? गेली बावीस वर्षं रोज सकाळी मी कोणाच्या कोटाची बटणं उघडून पुन्हा लावते? कल्पनाशक्ती म्हणे! तू तुझ्या दादाला टबात बसवलंयस!

आणि मजा म्हणजे, त्यांना पत्ता नाही. चष्मा लावून त्यांनी चित्र नीट न्याहाळलं आणि म्हणाले, की चेहऱ्यावरूनच कळतं माणूस लबाड आहे, ती भुवई बघ, असल्या भुवईच्या माणसाला मी उधारीवर वडी देणार नाही. मी पदर तोंडात कोंबला.

पण आता हसू ओसरायला लागलंय. तुझं दुसरं चित्र आल्यापासून गल्लीत कुजबुज सुरू झालीय, की कोणी न पाहिलेले ते शेठ म्हणजे हेच. न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवला आणि हळूच विचारलं, की शेठ, आमच्या दुकानावर तर नियम येणार नाही ना? यांना वाटलं थट्टा करतोय. पाववाल्याने रांगेतून पुढे बोलावून पहिली पाव-लादी यांना दिली. हे घरी येऊन सांगतात, की माणसं हल्ली किती सुधारलीत! बसमध्ये एक आजोबा मात्र यांच्याकडे बघून खिडकीबाहेर थुंकले. तेव्हा हे म्हणाले, बिचाऱ्यांना खोकला असेल.

यांना सांगू की नको? सांगितलं तर रागाने सुनावणीला जायचे नाहीत, आणि बाकीच्या अकरा जणांनी यांनाच बोलायला पुढे केलंय. नाही सांगितलं तर तिथे कोणी चपला फेकून मारायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तूच निस्तर आता.

रागावले नाहीये. म्हणजे थोडी रागावलेय, पण प्रेमात खोट नाही.

तुझी,
वहिनी

दि. २ एप्रिल

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आरशासमोर कान धरून दहा उठाबशा काढल्या. मग कात्रणं पुन्हा बघितली आणि जमिनीवर लोळून हसले. देवा रे! दादाच की हो तो!

असं झालं कसं, सांगते. आमच्या चित्रकलेच्या बाईंचा दंडक होता, की डोक्यातून काही काढायचं नाही, समोर बघून काढायचं. आता लहानपणी आमच्या घरात समोर स्थिर कोण बसायचं? आई सारखी कामात, बाबा कढईपाशी. एकटा दादा दुपारी जेवला की खुर्चीतच एक भुवई वर ठेवून झोपायचा. मी त्याला वह्या भरभरून काढलंय. हाताला तो चेहरा इतका मुरलाय, की जाड माणूस काढायला गेले की दादाच उतरतो. आता मागे वळून बघते तर माझा महापौर, माझा सेनापती आणि जाहिरातीसाठी काढलेला हत्तीसुद्धा थोडा थोडा दादाच आहे.

लगेच संपादकांकडे गेले, की शेठला दाढी लावते, नाक बदलते. ते उठून उभेच राहिले. म्हणाले, की हा चेहरा लोकांनी दुकानांच्या दारांवर डकवलाय, आता तो बदलला तर आपणच घाबरलो असं होईल. त्यात दुसऱ्या दोन वर्तमानपत्रांचे चित्रकारही तोच चेहरा काढायला लागलेत. म्हणजे देशभरात शेठ म्हटलं की दादा! कंपनी गप्प आहे, कारण हे आमचे शेठ नव्हेत असं म्हणायचं तर खरे शेठ दाखवावे लागतील.

एवढं करा. सुनावणीला त्याला टोपी घाला, जाड काचांचा चष्मा द्या, आणि बटणं स्वतः लावा, सरळ. हे सगळं कशासाठी, ते त्याला आत्ताच सांगू नका. त्याचा कारखाना वाचू दे, मग मी स्वतः येऊन बोलणी खाईन.

अपराधी आहे, तरी पोटात घाला.

तुमची,
खारूताई

दि. १४ एप्रिल

चि. खारूताईस आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत, एकच.

आता सगळं नीट वाच, कारण मी हे परत सांगणार नाही. (खोटं. आतापर्यंत नऊ जणांना सांगून झालंय.)

तुझ्या वहिनीने मला टोपी घातली, ती टोचत होती म्हणून बसमध्येच काढली. चष्म्यातून पायऱ्या दिसेनात, तो खिशात गेला. कोट तिने नीट लावला होता, पण खात्याचे तीन जिने चढून घाम फुटला, म्हणून उघडला आणि पुन्हा लावला. झालं!

दारावरचा पहारेकरी ताडकन उभा राहिला. मी नोंदवहीत माझं नाव लिहिलं, आणि धंद्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: साबण बनवणे. त्याने ते वाचलं आणि अदबीने हसला. बाकीचे अकरा जण बाकावर बसून होते. मी त्यांच्याकडे वळतो न वळतो, तोच एक अधिकारी धावत आला आणि मला दंडाला धरून थेट आत घेऊन गेला. मंत्री स्वतः दारापर्यंत आले. स्वतःची खुर्ची दिली. मी संकोचाने म्हणालो, की साहेब, मी एक साबणवाला. ते खो खो हसले आणि म्हणाले, की शेठ फार विनोदी आहात, साऱ्या देशाचा साबण तुमचा! मला वाटलं, सरकारी माणसं बोलायला इतकी गोड झालीत की काय.

मी म्हणालो, की त्या नव्या नियमाबद्दल आलोय. तर ते विचारतात, बारा मीटर कमी पडतात का, पंधरा करू? खारूताई, माझं डोकंच फिरलं. टेबलावर मूठ आपटली आणि विचारलं, की हा नियम कोणत्या गाढवाने लिहिला? मंत्र्यांनी अधिकाऱ्याकडे बघितलं, अधिकाऱ्याने छताकडे. मग तो चाचरत म्हणाला, की माफ करा, पण तो तुमच्याच कचेरीतून टाइप होऊन आला, आम्ही फक्त तारीख घातली. मी ओरडलो, की माझी कचेरी म्हणजे एक स्टूल आहे, तिथून काही आलं नाही, मी नुसता साबण बनवतो, हा नियम आत्ताच्या आत्ता रद्द करा! मंत्र्यांनी लगेच लेखणी काढली. मीच थबकलो. विचारलं, की कोणाला विचारायला नको का? ते म्हणाले, तुमच्या वर आता कोणाला विचारणार?

सही. शिक्का. चार मिनिटं. शिवाय जिन्यापर्यंत पोचवायला आले.

बाहेर कारकुनांचं कपाट उघडं होतं. दाराच्या आतल्या बाजूला तुझं टबाचं चित्र चिकटवलेलं. शेजारी आरसा. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि खालच्या मजल्यापर्यंत मला पायऱ्याच लागल्या नाहीत.

बहिणीने भावाचं तोंड असं चव्हाट्यावर मांडावं? घरी आल्यावर तुझ्या वहिनीनेही कबुली दिली. मी कोट काढून कोपऱ्यात भिरकावला. मग मला त्या अधिकाऱ्याने छताकडे बघितलेलं आठवलं आणि मी जो हसायला लागलो, तो अजून अधूनमधून हसतोच आहे. अकराही जण शेडमध्ये येऊन नाचून गेले. रद्द झाल्याचा हुकूम समोर भिंतीवर लावलाय.

राग गेला. ये तेव्हा पाठीवर एक धपाटा नक्की, त्यानंतर जेवायला वाढेन.

तुझा,
दादा (टबातला)

दि. १८ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, तुझं पत्र मी कचेरीत उभ्याने मोठ्याने वाचलं. छपाईवाले यंत्र थांबवून ऐकायला आले. आणि त्याच दुपारी मी एक चित्र काढलं, आजवरचं माझं सगळ्यात चांगलं. मंत्री आपल्या खुर्चीमागे वाकून उभे, खुर्चीत साबणाची पाटी मांडीवर घेतलेला एक घाबरलेला माणूस, आणि समोर नोंदवही उघडी: साबण बनवणे. संपादकांनी गोळी न घेता बघितलं. पहिल्या पानावर, खऱ्या हकिकतीसह छापतो म्हणाले.

पण मी ते माझ्या खणात ठेवून किल्ली घरी आणलीय. छापलं की मंत्र्यांना कळणार तू कोण ते, आणि मग ते चिडून नियम परत आणतील, तुला तोतया म्हणतील. तुझा कारखाना जाईल, तुझ्यामागे अकरा जण जातील. एका चित्रासाठी एवढं? मागच्या वेळी मी तुला न विचारता तुझं तोंड वापरलं. या वेळी विचारते. नको म्हणालास तर फाडून टाकेन, आणि खरंच सांगते, वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे दोन दिवस घेईन, मग विसरेन.

तू म्हणशील तसं. एवढं मात्र खरं, की तुझ्याशिवाय माझ्या ब्रशाला चेहरा नाही.

तुझी,
खारूताई

दि. २३ एप्रिल

चि. खारूताईस अनेक उत्तम आशीर्वाद. सगळे परत दिले.

तुझं पत्र मी शेडमध्ये बाकीच्यांसमोर ठेवलं. गुण्यागोविंदाने सुरू झालं आणि दहा मिनिटांत रण माजलं. बहुतेकांचं म्हणणं, की झाकली मूठ सव्वा लाखाची, देवाने दिलंय ते घ्या आणि तोंड बंद ठेवा. मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? भीती वाटत होती. रात्रंदिवस जपलेला कारखाना आहे तो.

तेवढ्यात तारमावशी वड्या कापता कापता म्हणाल्या, की कच्चा साबणही वरून पांढराशुभ्र दिसतो, अंगाला लावला की मग जळतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण खरंच आहे ते. उद्या कोणीही मला ओळखलं, की हुकूम फाटला. म्हणजे रोज सकाळी शेड उघडायची ती या धास्तीने, आणि गल्लीत शेठ बनून वावरायचं, आजोबांना थुंकू द्यायचं. आणि त्याहून मोठं सांगू? शेठचं तोंड बघून कारखाना वाचला असेल, तर तो शेठनेच वाचवला. मग बाबांचा साबण माझा कसला राहिला? मला माझ्याच नावाने वाचायचंय गं. नाहीतर माझ्याच नावाने बुडू दे.

मी हे बोललो आणि माझा हात वर केला. अकराही जणांनी हात वर केले. एकाने अर्धाच केला, पण त्याचा खांदा दुखतो असं तो म्हणतो.

छाप. आणि पोट जरा कमी दाखव.

घाबरलेला, पण तुझाच,
दादा

दि. २ जून

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

काल एक जून झाली आणि शेड उघडी आहे! हे आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

तुझं चित्र आलं त्या दिवसापासून इथे जत्राच भरलीय. बसमधले ते आजोबा घरी येऊन यांना मिठी मारून गेले आणि जाताना चार वड्या घेऊन गेले. मंत्र्यांचं निवेदन तू वाचलंच असशील, की नियम कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर सखोल अभ्यासाअंती रद्द केला. चार मिनिटांचा सखोल अभ्यास! नियम परत आणावा, तर शेठच्या सांगण्यावरून रद्द केला होता हे सिद्ध होतं. कंपनीने ओरडावं, तर नियम आमचा होता असं कबूल करावं लागतं. दोघांचीही अळीमिळी गुपचिळी.

पण काल सकाळी चौकशी अधिकारी आलेच. हातात फॉर्म, चेहरा दगडाचा. मी चहाचं आधण ठेवायला धावले. तुझे दादा मात्र साच्यातून वड्या काढत उभे होते, हात पुसले आणि समोर बसले. अधिकाऱ्यांनी विचारलं, की तुम्ही मंत्र्यांसमोर शेठ असल्याची बतावणी केली का? हे म्हणाले, की मी दोनदा साबणवाला असं सांगितलं आणि नोंदवहीत लिहिलंही, तुमचीच वही आहे, बघा. त्यांनी वहीची प्रत आणली होती, बघितली. मग लिहू लागले, की मंत्रिमहोदयांचा समज झाला की समोरची व्यक्ती... आणि लेखणी थांबली. पुढे कंपनीचे शेठ, असं लिहायला हवं. आणि मग तो समज झाल्यावर मंत्र्यांनी सरकारी नियम चार मिनिटांत का रद्द केला, हाही रकाना खाली होताच.

खारूताई, तो माणूस त्या दोन रकान्यांपुढे पाऊण तास बसला. दोन कप चहा प्यायला. एकदा छताकडेही बघितलं. तारमावशी मागे तारेने वड्या कापत होत्या, तेवढाच काय तो आवाज. शेवटी त्यांनी दोन्ही रकान्यांवर आडवी रेघ मारली, खाली एकच ओळ लिहिली, सही केली, शिक्का मारला आणि प्रत यांच्या हातात देऊन निघून गेले.

यांनी ती वाचली, आणि तुझे दादा, जे बाबा गेले तेव्हाही सगळ्यांसमोर रडले नव्हते, ते साबणाच्या हातांनी डोळे पुसायला गेले. मग डोळे असे चुरचुरले, की मी आणि तारमावशींनी मिळून पाण्याने धुतले, आणि ते रडत, हसत, ओरडत कागद भिजू देऊ नका, भिजू देऊ नका असं म्हणत होते. कागद वाचवलाय. त्यावर सरकारने लिहिलंय: सदर इसम साबण बनवतो, असे आढळून आले.

प्रेम आहेच, ते तसंच असू दे.

तुझी,
वहिनी